गळ्यातलं पोवळं

माझा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. घुगऱ्यांसाठी भिजत घातलेले हरभरे तसेच पातेल्यात राहिले आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी ते गुरांना घातले.

तेव्हा आम्ही चिंचणीला राहत होतो. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. हे पालघरला एका कचेरीत होते, सकाळी निघायचे ते दिवेलागणीला परत यायचे. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं आणि बोईसरच्या रस्त्यावर खडीचे ट्रक धुरळा उडवत जायचे. शाळा सुटली की घरात मी आणि सासूबाई. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या, कमी बोलणाऱ्या.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. ही बातमी बाहेर पडली तशा वस्तू यायला लागल्या. माहेरून चांदीत मढवलेलं वाघनख आलं. शेजारच्या काकूंनी महालक्ष्मीच्या डोंगरावरून अंगारा आणून ताइतात भरून दिला. यांच्या एका मित्रानं नीलमाची अंगठी पाठवली. सोबत निरोप होता, तीन रात्री उशाखाली ठेवा, वाईट स्वप्न पडलं तर परत करा. मला तेव्हा धड झोपच लागत नव्हती, स्वप्नं कुठली पडणार? पण सासूबाईंनी दुसऱ्याच सकाळी ती परत पाठवली. नीलम राजाचा भिकारी करतो, असं त्या ऐकत आल्या होत्या. त्यांनी पालघरच्या सोनाराकडून मोती आणवला. मोती चंद्राचा, मन शांत ठेवतो. सोमवारी कच्च्या दुधात बुडवून त्यांनी स्वतः ती अंगठी माझ्या करंगळीत घातली. मी सगळं निमूट घालून घेतलं. विश्वास होता म्हणून नाही. नाही म्हणायचं बळ नव्हतं.

आमच्याकडे मासळी घालणारी एक बाई होती. मी तिला मावशी म्हणे. माझा मुलगा गेला तेव्हा दारात टोपली उतरवून ती नुसती बसून राहिली होती, त्या दिवशी तिनं मासळी विकलीच नाही. वैशाखातल्या एका सकाळी तिनं लुगड्याच्या गाठीतून काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक पोवळं काढलं. गुंजेएवढं असेल. वापरून वापरून एका बाजूनं चपटं झालेलं.

"बाय, ह्ये घे. पोर झालं का मनगटाला बांद. दर्याच्या पोटातलं हाय, पोराला राखतं."

सासूबाई आतून बाहेर आल्या. "कोणाच्या अंगावरचं आहे?"

"घरचंच हाय, आई."

"नको. वापरलेलं नको आम्हाला."

मावशीनं मान खाली घातली. टोपली डोक्यावर घ्यायला मी हात लावला, तेव्हा तिनं ते पोवळं हळूच माझ्या मुठीत दिलं. मी ते ठेवून घेतलं. इतकं सगळं घेतलं होतं, मग हेच का नको म्हणायचं, एवढंच मनात आलं.

श्रावणात मला मुलगी झाली. बारावा दिवस उजाडेपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. तेराव्या दिवशी मी ते पोवळं तिच्या मनगटाला बांधलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या दर्यात गेल्या होत्या. भाद्रपदात एका दुपारी एकाएकी वारा सुटला आणि मावशीच्या नवऱ्याची होडी उलटली. बरोबरचे तिघे पोहत परत आले. तो तिसऱ्या दिवशी डहाणूच्या बाजूला मिळाला.

ही बातमी मासळी घेऊन आलेल्या दुसऱ्या बाईनं सांगितली. बोलता बोलता तिची नजर मुलीच्या मनगटाकडे गेली आणि ती थांबली.

"ह्ये त्याचंच ना? त्याच्या गळ्यातलं?"

मी तो दोरा सोडायला लागले, पण बोटांना गाठ सुटेना. सासूबाईंनी माझा हात धरला. "थांब," त्या म्हणाल्या, "दिवस होऊ देत. मग आपण दोघी जाऊ."

पंधरवड्यानं आम्ही गेलो. कोळीवाड्यात सासूबाई त्याआधी कधी आल्या नव्हत्या. बोंबील वाळवायच्या रिकाम्या वलांडीखालून वाकून आम्ही मावशीच्या ओटीवर पोहोचलो. ती भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं होतं. मी पोवळं तिच्यापुढे धरलं.

"मावशी, हे त्यांच्या गळ्यातलं होतं. तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?" तिनं पोवळ्याकडे पाहिलं. "त्यानंच काढून दिलं. बोलला, मी होडीत चार मानसांत असतो, ती बाय घरात एकटीच रडते. दे तिला."

मला रडू आवरेना. "माझ्यामुळे झालं हे."

"नाय गो." तिनं माझा हात बाजूला केला. "माजा सासरा बुडला तवा ह्येच पोवळं त्याच्या गळ्यात व्हतं. त्याच्या अंगावरनं काढून आमी ठेवलं. पोवळ्यानं दर्या थांबत नाय, आमाला काय ठावं नाय?"

"मग दिलंत कशाला?"

"तुला धीर पायजे व्हता. आमच्या घरात दुसरं काय व्हतं देण्यासारकं?"

सासूबाई इतका वेळ उभ्याच होत्या. आता त्या मावशीशेजारी जमिनीवर बसल्या. "मी तेव्हा नको म्हटलं," एवढंच त्या बोलल्या. मावशीनं त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. निघताना पोवळं मावशीनंच माझ्या पदराला बांधून दिलं.

मुलगी चालायला लागेपर्यंत ते तिच्या मनगटावर होतं. पुढे अंगणात खेळताना कधीतरी दोरा तुटला. पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मोत्याची अंगठी मी नंतर काढून ठेवली. या खड्यांत काही असतं का, असं आजही कोणी विचारलं तर मी मावशीच्या नवऱ्याची गोष्ट सांगते. त्यानं स्वतःच्या गळ्यातून ते काढलं, तेव्हा माझा चेहराही त्यानं पाहिलेला नव्हता.

मावशी त्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा यायला लागली. पहिल्या दिवशी ती दारात दिसली तशा सासूबाई झटकन उठल्या, तिच्या डोक्यावरची टोपली त्यांनी स्वतः उतरवली आणि तिला ओटीवर बसवून चहा दिला. मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. मुलीनं तिच्या लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरला, तेव्हा मावशी हमसून हमसून रडली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.