पारंपरिक नावाची बाई

"यी पारंपरिक कोन रं? कंच्या गावची बाय?"

पुतळाबाईनं कॅसेटचं कव्हर श्यामसुंदरच्या नाकासमोर धरलं. तिला वाचता येत नव्हतं. त्यानंच आत्ता वाचून दाखवलं होतं. गायिका रंगूबाई, गीत पारंपरिक.

"मावशी, बाई नाय ती. पारंपरिक म्हंजे जुनं. कोणी केलं ते माहीत नाय, असं."

"माहीत कसं नाय? रंगूनी केलान! आन् तुला रंगू दाखवली कोनी? मीनीच ना?"

खरं होतं ते. कोपरखैरण्यात श्यामसुंदरच्या कॅसेटच्या दुकानासमोर पुतळाबाई सुक्या मासळीची पाटी घेऊन बसायची. तो हळदीची गाणी भरून स्वतःच्याही कॅसेटी काढायचा. दिवसभर त्या ऐकून हिचं डोकं उठायचं. सगळ्या पोरी एकाच नळातून पाणी भरल्यासारख्या.

"दुसऱ्याचं उष्टं गातान ह्या," ती त्याला सांगायची. "सोताचं बांधून गानाऱ्या बाया ऐक. ती जालन्याची गिरजाबाय, बिल्डिंगीवं घमेली उचलते. बाबासायबांवं रोज नवं गानं, कालचं आज नाय. नाय तं आमची रंगू ऐक. धवलारीन हाय, लग्नान धवले गाते. पन हल्दीला बसली का समोर दिसंल त्याला गान्यान घालते. नवऱ्याचे बापाला पन सोरत नाय."

गिरजाबाईकडे तो गेलाच नाही. "त्याला मार्केट वेगळं," म्हणाला. रंगूबाईची कॅसेट मात्र काढली, आणि ती खपली. इतकी, की वाशीच्या ऑर्केस्ट्रातली एक पोरगी त्यातलंच एक गाणं 'माझ्या आजीचं' म्हणून स्टेजवर गायला लागली. पुतळाबाई तेव्हापासून धुमसत होती.

"जुनं काय? बरं, ऐक." तिनं तिथंच सूर लावला. "'मांडवाला जागा नाय गो बाय, हल्द लागली सेक्टर साताला.' तुज्या आज्याचे टायमाला सेक्टर व्हते काय रं?"

श्यामसुंदरला हसू आवरेना. "ओके मावशी, टेन्शन नका घेऊ. बुधवारी कव्हर परत छापायला जातंय. रंगूबाई स्वतः म्हणाली माझं आहे, तर गीतकार म्हणून नाव टाकतो. तुमच्या सांगण्यावर नाय टाकणार. उद्या चार जणी भांडायला आल्या तर?"

"चल मंग, आताच."

शेजारणीला पाटीकडे बघायला सांगून तिनं त्याला गावठाणात नेलं. रंगूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"रंगू, सांग याला. सेक्टरचं गानं कोनी केलं?"

रंगूबाईचं सूप थांबलं नाही. "जुनं हाय."

"जुनं? माज्या पोराचे हल्दीला माजे मांडीला मांडी लावून जोरलंस ना तू?"

"जुनंच. आत्यानी शिकवताना सांगलेलं, तोंडान येल तं जुनं म्हनाचं. माजं म्हनलास का तोंड बंद होतं."

"आन् ती वाशीची पोरगी आजीचं म्हनते, त्याचं काय?"

"म्हनूंदे. तिचं बंद होल."

"अगो येडे, तुजं नाव छापाला आलाय यो!"

"रंगूबाय छापलंय ना? मंग अजून कती वेला छापाचं?"

श्यामसुंदरनं दोन्ही हात वर केले. "बघा मावशी. मी तर तयार होतो."

येताना वाटभर पुतळाबाई बडबडत राहिली. रंगूचं एवढं चालतं तोंड, सासू-सासरे, सरपंच, कोणाला सोडलं नाही. आणि जिथं दोन शब्द बोलायचे तिथं तांदूळ पाखडत बसली. तेच सूप घेऊन तिच्या टाळक्यात घालावं असं वाटत होतं. श्यामसुंदर दुकानात शिरला आणि त्यानं पंखा लावला.

पाटीपाशी फ्लॅटमधली एक बाई खोळंबली होती. बोंबील उलटंपालटं करत तिनं विचारलं, "ताजे आहेत ना हे?"

"सुके हायेत गो बाय. सुके ताजे कशे असतील?" पुतळाबाई खेकसली, पदर खोचून खाली बसली आणि सुकटीचा ढीग पुढ्यात ओढून त्यातला कचरा वेचायला लागली.