शून्याचा कब्जा

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ व्याख्यानासाठी राखून ठेवलेली असते. त्या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बसले, डॉक्टर बसले, निवृत्त अधिकारी बसले. मी समोरच्या सतरंजीवर बसलो. वास्तविक, ज्यांचे एकही काम माझ्या लेखणीखालून गेले नाही अशी मराठी घरे जबलपुरात थोडीच निघतील. ओमतीजवळ, कचेरीबाहेर, लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देणारा अर्जनवीस म्हणून बसण्यात माझी अर्धी हयात गेली. शिक्षण अकरावीत थांबले हे खरे. परंतु भाषा थांबली नाही.

यंदा ठरलेले वक्ते आजारी पडले. विषय तर छापून झाला होता : ‘शून्याचा जन्म’. बैठकीत सर्व जण एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा मी उभा राहिलो आणि हा विषय मी मांडीन असे जाहीर केले. गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक मला कायम ‘अर्जीवाले’ म्हणतात. ते हसून म्हणाले, “चलो, अर्जीवाले, शून्याचा जन्मदाखला आता तुम्हीच काढून आणा.”

त्या दिवसापासून माझे चित्त ठिकाणावर राहिले नाही. दाखला हाती न घेता त्या खुर्चीवर बसलो असतो, तर पुन्हा सतरंजीवरून उठण्याची सोय उरली नसती. वाचनालयातली पुस्तके चाळली. हिशोबात धरायचे शून्य वेगळे आणि रिकाम्या जागी लिहायचे चिन्ह वेगळे, एवढे उमगले. त्या चिन्हाशी तर माझा रोजचा संबंध. अर्जातला रकाना कोरा सोडायचा नसतो; कोऱ्या जागेत मागाहून कोणीही काहीही भरू शकतो. म्हणून मी तेथे शून्य काढतो. पण ते पहिल्याने काढले कोणी? पक्षकार समोर बसून बोलत असत आणि मी कागदाच्या कडेला वर्तुळे गिरवीत असे. पाटनहून आलेल्या एका गृहस्थांना आपली हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली.

घरी, अधारतालला, जेवण झाले की मी अंगणात येरझारा घालू लागे.

“काहून असे फिरून राहिले?” पत्नी म्हणाली. “एवढं वाचलं, आता जाऊन पहा न डोळ्यानं.”

तिच्या बोलण्याला आधार होता. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढणीवर एका लहानशा देवळात दगडावर कोरलेले फार जुने शून्य आजही दिसते, हे मीच तिला वाचून दाखवले होते. मी गाडी पकडली.

असे शून्य ठळक असेल, निदान त्याच्याभोवती काही नक्षी असेल, अशी माझी कल्पना होती. देवळाच्या भिंतीतला लेख पाहता पाहता डोळे दुखू लागले. शेवटी चौकीदाराने बोट ठेवले. “ये देखिए बाबूजी, दो सौ सत्तर.” दोन आणि सात यांच्या शेजारी, त्यांच्याहून लहान, मसुराच्या दाण्याएवढे वर्तुळ. मी मोबाइलमध्ये फोटो घेतला, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. समाधान होईना. मग, या लेखात लिहिले तरी काय आहे, असे विचारले. देवाच्या फुलांसाठी बाग दिली आहे, तो म्हणाला. लांबी दोनशे सत्तर हात, आणि रोज पन्नास माळा देवाला.

म्हणजे ते दानपत्र होते. आणि तेथेच, उभ्या उभ्या, मी मनात रचलेले व्याख्यान कोसळले. कारण दस्तऐवजात नवी खूण घालू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. जमिनीचे माप ज्या खुणेने लिहायचे, ती देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि हद्दीवरच्या शेजाऱ्यालाही आधीपासून ठाऊक असावी लागते. एरवी भांडण ठरलेले. येथे कोरणाऱ्याने शून्याचे कौतुक केले नव्हते, खुलासाही दिला नव्हता. याचा अर्थ, त्या दिवशीदेखील शून्य जुनेच होते. मी बाळ पाहायला गेलो आणि भेटले ते पिकल्या वयाचे, संसारी शून्य.

परतीच्या प्रवासात मला खिडकीशी बसवेना आणि दाराशी उभे राहवेना.

व्याख्यानाच्या संध्याकाळी मी हे सर्व क्रमाने मांडले. शेवटी प्राध्यापक उठले आणि दाखल्याचे काय झाले, असे त्यांनी विचारले.

“मिळाला नाही,” मी म्हणालो. “त्या दगडावरून शून्याचा कब्जा सिद्ध होतो, मालकी नाही. जन्म कोणाच्या घरी झाला, मला माहीत नाही.”

मागे कोणीतरी हसले. प्राध्यापक मात्र बसले नाहीत. कंबोडियात याहून जुना दगड आहे, त्यावर शून्य म्हणून नुसता ठिपका आहे, ते म्हणाले. त्याचा विचार केलात का, असे त्यांनी विचारले. ते मी ऐकलेही नव्हते; तसे सांगितले. मग ते व्यासपीठावर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि फोटो मागू लागले. बोटांनी ते चित्र मोठे करत गेले, तसतसे वर्तुळ पुसट होत गेले.

“हे एवढं लहान का हो काढलं असेल?” त्यांनी हळूच विचारले.

घरी परतताना पत्नी म्हणाली, “सगळ्यांसमोर तुम्ही माहीत नाही म्हणाले. आता तरी झोप लागन न?”

लागली नाही. कंबोडियातला तो दगड दानपत्र आहे की आणखी काही, हे विचारायचे राहूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी कचेरीकडे जाण्याआधी मी प्राध्यापकांच्या दाराशी उभा राहिलो. त्यांनी दार उघडले, “या, अर्जीवाले,” म्हणाले आणि खुर्ची पुढे केली.