वॉर्डातल्या मुलीची बातमी

"मॅडम, फक्त दोन मिनिटं. चेहरा ब्लर करतो."

सरकारी दवाखान्यात वॉर्डच्या दाराशी भाऊसाहेब माईक घेऊन उभे होते. मोबाईलवर गावागावांच्या बातम्या दाखवणारं चॅनल ते एकटेच चालवतात. आत एकोणीस वर्षांची मुलगी होती. जीव द्यायला निघालेली, सुदैवाने वाचलेली. मी सरळ दार अडवलं.

माझं काम सर्वेक्षणाचं, म्हणजे कुठला आजार कुठे वाढतोय यावर नजर ठेवायची. डेंग्यू, कावीळ, सगळ्याचे रिपोर्ट दर आठवड्याला येतात. त्या पंधरवड्यात प्रवरेकाठच्या दोन कॉलेजकुमारांची नोंद 'अपघात' म्हणून आली; दोघं वाचले होते. मी न वाचता सही ठोकली. त्याची आजही लाज वाटते. तिसरी नोंद या मुलीची आली, तेव्हा कुठे मी गाडी काढली.

"कसले हो हे अपघात?" मी डॉक्टरांना विचारलं.

"मॅडम, आईबाप पाया पडतात. पोलीस नको, बदनामी नको म्हणतात. मग मी तसं लिहितो."

आता कायदाही अशा माणसाला आधी उपचार द्या म्हणतो. पण ते गावात कोण सांगणार!

मग मुलीशी बोलले, त्या दोन मुलांच्या घरी फोन केले. त्याआधी गावातल्या एका मुलीने जीव दिला होता, तिच्यावरचा भाऊसाहेबांचा व्हिडिओ तिघांनी पुन्हा पुन्हा पाहिला होता. फोटो, रडकं गाणं आणि नको तेवढा तपशील. हे मी भाऊसाहेबांना दारातच ऐकवलं.

"लोक बघत्यात म्हनून टाकतो, मॅडम. मी काय कुनाला मर म्हनलो व्हय?"

"नाही म्हणालात. पण हिची बातमी केलीत, तर ही पोरगी उद्या गावात तोंड दाखवेल का?"

"माझी लेक हिच्याच कॉलेजात हाय," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी माईक पिशवीत टाकला.

त्यांनी जुना व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकला. नव्यात आमच्या समुपदेशक बाई बोलल्या, खाली मदतीचा सरकारी फोन नंबर दिला. "लई कमी लोकांनी बघितला," भाऊसाहेब कुरकुरले. पण काही दिवसांनी एक बाप मुलाला घेऊन विचारत आला, "त्या व्हिडिओतल्या बाई कुठं बसत्यात?" मला इतका आनंद झाला की मीच त्यांना खोलीपर्यंत सोडून आले.

डॉक्टर आता खरं लिहितात. साहजिकच नगरहून माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला. "तुमच्याकडे केसेस एकदम वाढल्या कशा?"

"सर, त्या होत्याच. आता आम्ही लिहितोय."

जे कागदावर यायला हवं ते आम्ही झाकत होतो आणि झाकायचं ते गावभर दाखवत होतो. एवढं समजायला तीन मुलं दवाखान्यात यावी लागली. त्या मुलीने मात्र परीक्षा दिली. एका विषयात नापास झाली म्हणून माझ्यापाशी चिडचिड करून गेली, ऑक्टोबरला पुन्हा बसणार आहे.