नव्या खुर्चीत सरळ

लेकीची पाठ दुखायला लागली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी मिळून एका प्लास्टिकच्या खुर्चीवर खापर फोडलं. लेक चौथीत. अभ्यासाला जेवणाच्या टेबलाशी बसायची, खाली उशी, पाठीला लोड, तरी पाय अधांतरी. बसली की डावीकडे कलायची. "सरळ बस" हे दिवसभर कुकरच्या शिट्टीसारखं चालायचं. मी म्हणायचे, नवरा म्हणायचा, शिकवणीच्या बाईही म्हणायच्या. ती ताठ व्हायची आणि आमची नजर हलली की पुन्हा कलायची. हट्टी आहे, आईवर गेलीय, असं नवऱ्याचं मत.

शेवटी मी मुलांची खास खुर्ची आणायचं ठरवलं. शिंदखेड्याहून सासरे आले होते, त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते लगेच म्हणाले, "पोरनं वाढतं आंग शे. मोठलीच ले, बारावीलगून पुरी जाई." म्हणजे बारावीपर्यंत पुरेल अशी मोठीच घ्यायची. आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचंच येतं. गणवेशाला खालून घड्या, बुटांत पुढे कापूस. पण पाठीच्या बाबतीत मी ऐकणार नव्हते. "आबा, खुर्ची आजच्या पाठीला हवी," म्हटलं, तर त्यांनी चहाचा कप तसाच बाजूला सारला.

जळगावचं भर उन्हाळ्याचं ऊन. दुकानात शिरल्यावर काही वेळ डोळ्यांपुढे अंधारीच होती. मी मोबाइलवर वाचून गेले होते: तळवे टेकले पाहिजेत, गुडघे काटकोनात, कंबरेला आधार. पहिल्या खुर्चीत लेक कलली. मी म्हटलं, सीट फार खोल आहे. दुसरीत कलली. मी म्हटलं, हात उंच आहेत. तिसरी लाकडी होती, सीट आणि पाय ठेवायची फळी दोन्ही खालीवर सरकणारी. तिच्यात नाव ठेवायला जागाच नव्हती. लेक तिच्यातही कलली.

"सवय लागलीय ताई, सुटेल हळूहळू," दुकानदार म्हणाला. ते इतकं हवंहवंसं वाटलं, की मी घासाघीस न करता ती खुर्ची घेतली. रिक्षात मात्र मी लेकीच्या पाठीकडे बघायचं टाळत होते. मला भीती वाटत होती आणि कशाची ते उच्चारायची हिंमत नव्हती.

घरी नवऱ्याने खुर्ची जोडली. सीटवरचं प्लास्टिक आबांनी काढू दिलं नाही. लेक ऐटीत बसली. तळवे, गुडघे, कंबर, सगळं वाचल्याप्रमाणे. आणि डावा खांदा खाली.

"खुर्चीच वाकडी दिली त्याने," नवरा म्हणाला. त्याने लेकीला उठवलं, पान्याने स्क्रू आवळले आणि तिच्या खेळण्यांच्या डब्यातली काचेची गोटी त्या सपाट सीटवर मधोमध ठेवली. आम्ही सगळे गोटीकडे बघत राहिलो. मी मनातल्या मनात तिला विनवत होते, घरंगळ बाई, कुठल्याही बाजूला घरंगळ.

गोटी हलली नाही.

लेक पुन्हा बसली. "सरळ बस" माझ्या ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात तीच म्हणाली, "मम्मी, बघ ना, मी आता सरळ बसलीये."

मी मागून तिचा फ्रॉक वर केला आणि मानेपासून मणक्यावरून बोट खाली नेलं. अर्ध्यावर ते उजवीकडे वळलं. नवरा मुठीत गोटी धरून उभा होता.

"गुदगुल्या होतात," लेक हसली आणि तशीच बसून राहिली, तिच्या मते अगदी ताठ.