बिछायतवाले भाऊजी आणि आभाळातलं गोदाम

आमचे बिछायतवाले भाऊजी कुठेही गेले की आधी बाहेर पडायचा रस्ता शोधत. लग्नघर असो, दवाखाना असो, नाही तर कुणाकडे नुसतं चहाला जाणं असो, चपला काढायच्या आधी मान वळवून ते गल्ली बघायचे, फाटक बघायचे आणि विचारायचे, "इथून गाडी निघल कशी?" सोबत गाडी नसली तरी विचारायचे. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून माझ्या वडिलांना त्यांनी पहिला प्रश्न केला तोही हाच. "बैलगाडी वळवाले जागा कोणत्या बाजूनं हाये?" वडिलांना वाटलं, माणूस आत्ताच पळून जायच्या तयारीत आहे.

मी तेव्हा कॉलेजात जाणारी, जगातलं सगळं कळलेली. मला भाऊजी म्हणून बँकेतला साहेब हवा होता. दवनीवाड्याचा हा माणूस बांबू, कनाती, सतरंज्या आणि स्वयंपाकाचे गंज भाड्याने देतो, म्हणजे बिछायतीचा धंदा करतो, हे कळल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले. लग्न ताईचं, रडले मी. ताई तिकडे आरशासमोर गुणगुणत होती.

त्या प्रश्नामागचं कारण मला फार उशिरा कळलं. धंद्याच्या सुरुवातीला त्यांनी एका शेतात, धानाच्या बांधीत मांडव टाकला होता. लग्न थाटात झालं, आणि निघायच्या वेळी अवकाळी पाऊस असा कोसळला की सगळं सामान चिखलात रुतून बसलं. तिकडे दुसऱ्या गावात दुसरी नवरी बोहल्यावर चढायला तयार, आणि तिचा मांडव इथे. तेव्हापासून भाऊजी म्हणत, "मांडव टाकाले कोनालेबी येते. काढून नेता आला पायजे."

हे वाक्य एक दिवस माझ्याच कामाला येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं रक्त तपासून घेतलं असतं. रक्त तपासणं हाच माझा धंदा. माझ्या लग्नानंतर डिप्लोमा करून मी गोंदियात पॅथॉलॉजी लॅब टाकली, आणि पुढे सून मंजूषा डॉक्टर होऊन त्याच लॅबमध्ये आली. माझा एक हट्ट मात्र पहिल्यापासून होता: रिपोर्टवर माणसाचं आणि गावाचं नाव मराठीत. आकडे डॉक्टर वाचतील. नाव आईला वाचता आलं पाहिजे. आमच्या भागात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, पुष्कळ. एका बाईनं लेकीच्या रिपोर्टवरचं नाव अक्षर अक्षर जुळवून वाचलं आणि मग माझ्याकडे पाहून हसली, तेव्हा हा हट्ट आणखी पक्का झाला.

हे सगळे रिपोर्ट मागच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये होते. वर पाण्याची टाकी, खाली कॉम्प्युटर, मध्ये देवाची कृपा. एक दिवस तो घरघरला आणि बसला. नेमकी त्याच दिवशी ती बाई केशोरीहून लेकीला घेऊन आली होती. घर गळून कागद भिजले होते, आणि नागपूरच्या डॉक्टरांना पोरीच्या जुन्या तपासण्या हव्या होत्या. मायलेकी दिवसभर वऱ्हांड्यात बसून होत्या. पोरीचे सांधे दुखत होते. ती रडत नव्हती, ते जास्त वाईट. संध्याकाळी कॉम्प्युटर कसाबसा उठला, रिपोर्ट निघाले. मंजूषा म्हणाली, "आई, बस झालं. आता सगळं क्लाऊडवर टाकायचं."

दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून क्लाऊड कंपनीचा एक साहेब लॅपटॉप घेऊन हजर. भाऊजीही त्या सकाळी आले होते, शुगर तपासायला. त्यांची एक खोड होती. उपाशीपोटी तपासायची म्हणून यायचे आणि फुलचूर नाक्यावर जिलेबी खाऊन यायचे. मिशीला पाक चिकटलेला असे. "काही खाल्लं का भाऊजी?" विचारलं की छातीवर हात ठेवून म्हणत, "देवाशपथ, थुंकबी गिळलो नाई."

साहेबानं पडद्यावर निळं आभाळ दाखवलं. पांढरा ढग दाखवला. "मॅडम, तुमच्यासारख्या व्हिजनरी लेडीज या जिल्ह्यात किती?" असंही म्हणाला. साठीला टेकलेली मी. केस काळेभोर रंगवलेले, चष्म्याला सोनेरी साखळी. लगेच ताठ बसले. त्या वेळी त्यानं माझी किडनी मागितली असती तरी मी कोणती हवी एवढंच विचारलं असतं.

"आणि पहिलं वर्ष एकदम फ्री, मॅडम."

"फुकट काऊन?" कोपऱ्यातून भाऊजी.

"सर, ऑफर आहे."

"आफर मीबी देतो. मांडव फुकट. मंग खुर्च्या, गंज, जनरेटर सारं माझ्याकडूनच घ्या लागते." ते खुर्ची ओढून पुढे आले. "बरं, हे क्लाऊड म्हनजे का? सामान दुसऱ्याचं, जागा दुसऱ्याची, वापर आपला, अन् मोजनारा तो. बिछायतच होय ना बापा?"

साहेब पाणी प्यायला. भाऊजी माझ्याकडे वळले. "साळीबाई, हा आपल्याच जातीचा हाये. भाड्यानं देनारा. याले का का लपवता येते ते मले इचार."

"भाऊजी, हे बांबू नव्हेत," मी दात ओठ खाऊन. तेव्हा दात माझेच होते.

पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सामान कुठे ठेवता, वर छप्पर कसलं, पाऊस येतो का, मला नेऊन दाखवाल का, एकाच वेळी सगळ्यांनी मागितलं तर पुरवता कसं? लहान मुलानं रेल्वेचं इंजिन बघावं तसे त्यांचे डोळे झाले होते. आणि मग एकदम विचारलं, "तुमाले सोडून कोन गेलं? त्याचा नंबर द्या."

"सर, आमच्या खूश कस्टमरचे नंबर देतो ना."

"खूश हाये त्याचं का करू? गेला त्याचा दे."

"सर, आम्हाला सोडून कुणीच गेलेलं नाही."

"कोनी गेलंच नाई," भाऊजी मिशीवरचा पाक चाटत म्हणाले, "का कोनाले जाताच आलं नाई?"

साहेब गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. भाऊजींचं म्हणणं, जे डोळ्यानं दिसत नाही ते आपलं नाही, घरीच ठेव. तिथे ते साफ चुकत होते, आणि मंजूषानं त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, टाकीखाली उभं केलं. एक थेंब बरोबर त्यांच्या टकलावर पडला. "हे घरचं, मावसाजी," ती म्हणाली. भाऊजींनी टक्कल पुसलं. "बरं," म्हणाले, "टाका आभाळात. पन आधी एक चौक टाकून, काढून दाखवा म्हना."

म्हणजे काय, तर मोठ्या मांडवाआधी चार खांबांचा एकच चौक उभा करायचा आणि उतरवून बघायचा. फोनवर हे ऐकून साहेब हसला, पण तयार झाला. आम्ही एका वर्षाचे रिपोर्ट त्यांच्याकडे चढवले. ते झटक्यात चढले. मग म्हणालो, आता परत द्या. परत यायला मात्र बरेच दिवस गेले, बरेच फोन गेले. आले तेव्हा मंजूषानं एक पान छापलं. तारीख बरोबर, वय बरोबर, हिमोग्लोबिन बरोबर. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. गावाच्या जागीही प्रश्नचिन्हं. दुसरं पान छापलं, तिसरं छापलं. मराठीतलं एकूण एक अक्षर गळून पडलं होतं.

भाऊजींनी एक कागद उचलला. मुलगी, वय अकरा, सिकलसेलचा आजार पक्का, रक्त फार कमी. त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि अगदी हळू विचारलं, "हे रक्त कोनाचं?"

मला वऱ्हांड्यातली ती पोर आठवली. असेल तिचं. नसेलही. कागदाला सांगता येत नव्हतं.

साहेबाला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी नावं इंग्लिशमध्येच टाका ना, प्रॉब्लेमच नाही." त्या क्षणी माझ्यातली व्हिजनरी लेडी खुर्चीवरून उतरली. सोनेरी साखळीचा चष्मा काढून पुसत मी म्हणाले, "पुढची वेळ नाही."

मग दुसरी कंपनी आली. तिच्याकडून अमरावतीची एक मुलगी. कपाळावर घाम, चपलेचा अंगठा तुटलेला. भाऊजींनी काहीही विचारलं की ती म्हणायची, "ते मला माहीत नाही, विचारून सांगते." मी मनात तिला नापास करून टाकलं. भाऊजींनी तिच्यासाठी आलूबोंडे मागवले. "मले माहीत नाई म्हननारा भाडेवाला पहिल्यांदा पाह्यलो," ते म्हणाले. आणि ती खरंच विचारून सांगायची, दुसऱ्या दिवशी फोन करून. सोडून गेलेल्या एका एक्स-रेवाल्याचा नंबरही तिनं दिला. भाऊजींनी त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या, त्याच्या मुलीसाठी एक स्थळही सुचवलं, आणि निष्कर्ष आणला. "सामान सारं भेटलं त्याले. पन उशिरा. किती दिवसांत देनार ते कागदावर घेजो." मंजूषानं ते करारात लिहून घेतलं.

आणखी एक प्रश्न त्यांनी स्वतः पोळल्यामुळे विचारला. त्यांचं एक गोदाम फुलचूरला आणि एक दवनीवाड्याला होतं. फुलचूरच्या गोदामाला आग लागून सतरंज्यांची राख झाली, त्या दिवशीचं लग्न दवनीवाड्याच्या सामानावर लागलं होतं. "रिपोर्टची दुसरी नक्कल हाये ना? मंग ते दुसरं गोदाम त्याच भिंतीले टेकून तं नाई?" नव्हतं. दुसऱ्या शहरात होतं. भाऊजींनी मान डोलावली.

मंजूषाचा प्रश्न वेगळा होता: आमचे रिपोर्ट कोण उघडून पाहू शकतं? ती मुलगी म्हणाली, "कुलूप आमचं, पण चावी तुमची, मॅडम. ती तुम्हीच सांभाळायची." भाऊजींनी लॅबभर नजर फिरवली आणि कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर थांबले. तिच्यावर माझ्या नातीचं नाव होतं आणि पुढे एक, दोन, तीन. पासवर्ड विसरू नये म्हणून मीच लावली होती, चांगली मोठ्या अक्षरात. "मांडव त्याचा, आचारी आपला," भाऊजी म्हणाले. "भात करपला तं बांबूवाल्याले कायले बोलाचं?" मी चिठ्ठी काढून तोंडात टाकणार होते, पण पोटापेक्षा कचराकुंडी बरी वाटली. ते मात्र हसत नव्हते. "साळीबाई, मी जलमभर लग्नात उभा राह्यलो. मांडवात बातमी पंगतीच्या आधी पोचते. कोन्या पोरीच्या रक्ताची बातमी आपल्या इथून गेली नाई पायजे."

सही करायच्या आधी त्यांनी आणखी एक परीक्षा घेतली. रविवारी दुपारी, भरपेट जेवून, कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. कुणीतरी उचलला. "क्या तकलीफ है सर?" असं काहीतरी तिकडून हिंदीत आलं. "तकलीफ काई नाई," भाऊजी म्हणाले, "तू जागा हायेस का ते पाहून राह्यलो. जनरेटर बंद पडते तवाच मानूस कळते." पुढे वर्षभर दर रविवारी ते फोन करत. तिकडचा मुलगा त्यांना ओळखू लागला. त्याच्या लग्नाला आमच्याकडून साडी गेली.

इथेही चौक टाकून काढून पाहिला. कागद छापला तेव्हा भाऊजी म्हणाले, "माह्यं नाव काढ." निघालं. आडनावासकट, दवनीवाड्यासकट. ते त्यांनी बोटानं वाचलं, त्या बाईसारखंच, अक्षर अक्षर. मग म्हणाले, "आता टाका मांडव."

त्यानंतर काही वर्षांनी भाऊजी गेले. पावसाळा होता, गल्लीत पाणी होतं. त्यांच्या तेरवीच्या मांडवात सगळे आत बसले होते आणि मी फाटकाशी उभी होते. ताई शोधत आली. "इथं का करून राहिली?" म्हणाली. मी म्हटलं, "गाडी निघल कशी ते पाहते." मग आम्ही दोघी बहिणी तिथेच उभ्या राहिलो, बराच वेळ.

आणि मागल्या उन्हाळ्यात त्या चांगल्या कंपनीचंही पत्र आलं. ही सेवा आम्ही बंद करत आहोत, आपलं सामान घेऊन जावं. मी ते मंजूषापुढे ठेवलं. तिनं लगेच करार काढला, दिवस ठरले, रिपोर्ट उतरले आणि नव्या ठिकाणी चढले. ती म्हणाली, "आई, एखादं नाव शोधून बघा बरं, आलंय का नीट."

आधी मी केशोरीची पोर शोधली. आता ती पोर नाही. नर्सिंगला आहे, औषधं वेळेवर घेते आणि मला फोनवर दटावते. तिचं नाव होतं, पहिल्या तपासणीपासून. मग मी भाऊजींचं नाव टाईप केलं. एका क्षणात ते समोर आलं, काना-मात्रेसकट, दवनीवाड्यासकट. खाली शुगरचा आकडा भलामोठा, आणि त्याच्यापुढे माझ्याच लॅबनं छापलेलं: उपाशीपोटी.

ते धादांत खोटं आहे. मी पाक पाहिला होता. बाकी सगळं बरोबर आलं आहे.