सागिनालीने जोडलेले पाइप

सागिनालीला सगळं गाव मान देई, आणि त्या मानाची त्याला चटक लागली होती. सामुदायिक शेती होती तेव्हा उत्तम ट्रॅक्टरवाला म्हणून त्याचा फोटो चौकातल्या फलकावर लागला होता. पुढे फलक गेला, ती शेती गेली, ते सरकारही गेलं. सागिनाली मात्र अजून त्या फोटोसारखाच चालायचा, उंच पांढरी टोपी सरळ ठेवून, छाती काढून.

मुलगा रशियात बांधकामावर होता, त्यामुळे घरचा ट्रॅक्टर सून चालवायची. बुरुल तिचं नाव. ट्रॅक्टरवर बसली की तिचा चेहरा खुलायचा. चुलीपुढे तो तसा कधी खुलला नाही. सासऱ्याची नजर अधू होत चाललीय हे घरात पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. पण आमच्याकडे सून सासऱ्याचं नावसुद्धा तोंडाने घेत नाही, मग त्याची चूक काय काढणार? म्हणून पेरणीयंत्राच्या दोन पाइपांना तिने गुपचूप चिंध्या बांधल्या. यंत्र वर उचलणाऱ्या पाइपाला लाल आणि खाली टेकवणाऱ्याला पांढरी. ट्रॅक्टरच्या पाठीमागे ते पाइप जिथे बसतात, त्या कपलरांनाही तशाच चिंध्या. सासऱ्याला ती हे एवढंच सांगू शकत होती.

त्या वसंतात शेजारी मुकाशची बायको दवाखान्यात होती. त्याचं जव पेरून द्यायला सगळं गाव त्याच्या शेतावर जमलं. कढईत मेंढीचं मटण रटरटत होतं, चहा फिरत होता. गावातला सगळ्यात थोर म्हातारा ओमुरझाक काठी टेकत ट्रॅक्टरपाशी आला.

"काय रे सागिनाली, ट्रॅक्टरचा साखरपुडा उरकलास की काय? लाल फीत बांधलीयस ती."

"म्हाताऱ्याला दिसत नाही हो आता," मुकाश म्हणाला, "सुनेने खुणा करून दिल्यात."

लोक खो खो हसले. सागिनालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मामंजी, मी जोडते ना," बुरुल हळूच म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून जोडतोय मी. नुसते पाइप हातात दे." असं म्हणत त्याने चारही चिंध्या ओरबाडून काढल्या आणि खिशात कोंबल्या.

मग त्याने सगळं जिथल्या तिथे केलं. इंजिन बंद केलं, लिव्हर पुढेमागे हलवून आतला दाब सोडला, कपलरची तोंडं फडक्याने पुसली. बुरुलने उचलायचा पाइप आधी दिला आणि हनुवटीने जागाही दाखवली. त्याने मुद्दाम तिकडे बघितलं नाही. कडं मागे ओढून टोक आत दाबलं, टक्क आवाज आला. दुसराही तसाच बसला. फक्त याच्या जागी तो आणि त्याच्या जागी हा.

"मामंजी..."

"काय?" त्याने असे डोळे वटारले की तिने शब्द गिळला.

"काही नाही. बाहीला माती लागलीये तुमच्या."

यंत्राचे तवे, म्हणजे माती कापणाऱ्या लोखंडी चकत्या, अजून वरच होते. मुकाशने त्यांना वर धरून ठेवणारी आधाराची खिट्टी काढली आणि तव्यांना चिकटलेला चिखल बुटाच्या टाचेने खरवडू लागला. "जरा वर घे रे," तो म्हणाला. सागिनालीने इंजिन सुरू केलं आणि लिव्हर वरच्या बाजूला ओढला. तवे धाडकन खाली आले, मुकाशच्या पायावर.

लोकांनी धावत येऊन त्याचा पाय बाहेर काढला. मग सगळ्यांच्या नजरा सागिनालीकडे वळल्या. त्या नजरा त्याला सोसल्या नाहीत.

"पाइप उलटे कसे दिलेस गं?" तो सुनेवर खेकसला.

बुरुलने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घातली. "चुकलंच माझं," ती म्हणाली.

ओमुरझाकने तिथल्या तिथे निकाल दिला, की या बाईने पुन्हा ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. किल्ली तिच्याकडून मागून घेतली ती सागिनालीनेच. मुलाचा रशियातून फोन आला, त्याने बायकोला वाट्टेल ते सुनावलं. सागिनाली शेजारीच बसून ऐकत होता. ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला. येताजाता बुरुल त्याच्याकडे बघायची नाही, आणि सागिनाली तिच्याकडे. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती सांगायची कुणाला?

मुकाशच्या पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा त्याने गावाला जेवायला बोलावलं. सगळे बसले होते, बुरुल बायकांबरोबर चहा देत होती. सागिनाली उठून उभा राहिला. उंच टोपी त्याने काढून हातात घेतली.

"तिने पाइप बरोबर दिले होते," तो म्हणाला. "उलटे मी जोडले. मला दिसत नाही. आणि तुमच्यासमोर मी खोटं बोललो. ट्रॅक्टर तिला चालवू द्या."

सागिनाली शिव्यांची वाट बघत राहिला. त्याला त्या हव्याच होत्या.

ओमुरझाकने डोळे पुसले. "बघितलंत? सुनेची चूक स्वतःच्या डोक्यावर घेतोय. असा सासरा कुठे मिळेल?"

"नाही हो आजोबा, खरंच मी..."

"पुरे, पुरे. तुझं मन कळलं आम्हाला. ट्रॅक्टरचं मात्र ठरलं ते ठरलं."

मुकाश लंगडत उठला आणि सागिनालीच्या गळ्यात पडला. "मोठ्या मनाचा माणूस आहेस बाबा तू," तो म्हणाला. माणसं माना डोलावत होती, कुणीतरी त्याची टोपी परत त्याच्या डोक्यावर ठेवली.

"सूनबाई," ओमुरझाकने हाक मारली, "अशा सासऱ्याला वाकून नमस्कार कर."

बुरुलने किटली खाली ठेवली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि सागिनालीच्या समोर येऊन कमरेत वाकली. सासऱ्याने आता "सुखी राहा" म्हणायचं असतं. सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याच्या तोंडून शब्द फुटेना, आणि बुरुल वाकलेलीच राहिली.