मांडीवरचा हंडा

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. कळंबच्या बाजारातून मी बैलगाडीनं माहेरी निघाले होते. शेजारी बसलेल्या म्हातारीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिच्या मांडीवर तांब्याचा हंडा होता. सावकाराकडं सहा वर्षं गहाण पडलेला तो हंडा त्याच सकाळी सुटला होता. दर थोड्या वेळानं ती त्यावर टिचकी मारायची, कान लावून ऐकायची आणि हसायची.

"आता कुणाचं दमडीचं देणं न्हाय!" ती अख्ख्या गाडीला सांगत होती. मग बोटांवर पुढचा महिना मोजायला लागली. "जवारी घरात हाय. गूळ फक्त सणाला. जेवणं झाली की दिवा इझवायचा. पुन्ना त्या सावकाराची पायरी चढायची न्हाय!"

परत आलेलं भांडं घरात रिकामं नेत नाहीत, म्हणून मी मूठभर शेंगा हंड्यात टाकल्या. तिनं एकेक शेंग वेचून माझ्या पदरात परत घातली.

"राग मानू नगंस, पोरी. आज कुणाचं काय बी घेणार न्हाय."

पण रिकामा हंडा तिलाही खुपत होताच. मांजरा नदी आली तशी ती ओरडली, "थांबीव रं गाडी!" तरण्या पोरीसारखी उडी टाकून ती पाण्यात शिरली आणि हंडा काठोकाठ भरून आली.

"नदीचं फेडावं लागत न्हाय!"

पुढं प्रत्येक हिसक्याला पाणी आमच्या पायांवर सांडत होतं, पण कुणी पाय हलवले नाहीत. तिचं गाव आलं. उतरून हंडा डोक्यावर घेत तिनं आमच्या ओल्या पायांकडं मोठ्या ऐटीत पाहिलं.

"सांडलं तेवढं तुमाला दिलं. परत करायचं न्हाय, बरं का!"